आक्काचा सातचा पाढा

आधीच कबूल करतो. या सदरात लोक जे अनुभव लिहितात, त्यांची सगळ्यात जास्त टर उडवणारा माणूस मीच. "हडळ पांढरी साडी धुवायला कुठं टाकते?" ही कमेंट माझीच होती. जुन्या कमेंट्स काढून मला खुशाल ऐकवा, माझी तक्रार नाही. मला राग लवकर येतो, आणि कुणी थापा मारायला लागला की आणखी लवकर येतो. त्यामुळं आज हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण लिहिल्याशिवाय राहवतही नाही.

मी बेळगावला उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. मशीनिंग होऊन आलेल्या कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं, माप घ्यायचं. बसलं तर पुढं, नाही बसलं तर रिजेक्ट. वीस वर्षं हेच काम. मूळचे आम्ही निपाणीचे, आता टिळकवाडीत फ्लॅट आहे. घरात बुद्धवंदना होते. अंगात येणं, करणी, उतारा, लिंबू-मिरची या असल्या गोष्टींना माझ्या वडिलांनी उंबऱ्याच्या आत कधी पाऊल ठेवू दिलं नाही, आणि मीही नाही.

माझी मुलगी यशोधरा, घरात यशू, चौथीत आहे. शाळा इंग्लिश मीडियम, त्यात कन्नड सक्तीचं, आणि घरात मराठी. मी हट्टच धरला होता की शाळेत काय करायचं ते करू देत, घरी संध्याकाळी परवचा झालाच पाहिजे. पाढे मराठीतच. आम्ही नाही काय शिकलो?

आम्ही शिकलो ते आक्कामुळं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. निपाणीत आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची आणि आक्का मला समोर बसवून पाढे घ्यायची. आईची एक विडी वळून झाली की पाढ्याची एक ओळ. त्याहून भरभर म्हणायचं नाही. मी अडलो की आक्का गप्प बसायची. आईच्या दोन विड्या व्हायच्या, तीन व्हायच्या, शेवटी आईच वैतागायची, "सांग की गं त्येला." आक्का म्हणायची, "न्हाय. यायलंय त्येला." आणि खरंच यायचं. पुढं आक्का शिकली, मास्तरीण झाली, निपाणीजवळच्या एका खेड्यातल्या मराठी शाळेत तिनं आयुष्य घालवलं. कुठल्या पोरावर तिनं कधी छडी उगारली नाही.

तिच्या या गुणातला एक कणसुद्धा माझ्यात आला नाही.

एका संध्याकाळी यशूला विचारलं, "सात आठे?" ती गप्प. परत विचारलं. गप्प. मी दिवसभर कंपनीत एका लॉटवरून डोकं फिरवून आलेलो. "बोल की! तोंड शिवलंय काय तुझं?" म्हणून हातातली स्टीलची पट्टी टेबलावर आपटली. पोरीला नाही हो मारली, टेबलावर मारली. पण ती अशी दचकली की... आजही आठवलं की माझी मला लाज वाटते.

त्या दिवसापासून यशूनं माझ्यासमोर पाढा म्हणणं सोडलं. पाढाच काय, आकडा म्हणणं सोडलं. "किती वाजले गं?" विचारलं तर घड्याळ आणून दाखवायची. संध्याकाळी सहा वाजले की पोटात दुखायला लागायचं. शाळेतून डायरीत शेरा आला, तोंडी काही विचारलं तर उत्तर देत नाही. शीतल, म्हणजे माझी बायको, तशी शांत आहे, पण त्या दिवशी तिनं मला धुतला. "अहो, कास्टिंग रिजेक्ट करता तसं पोरीला करू नका. ही परत वितळवून ओतता येत न्हाय."

शीतलनंच आक्काला फोन केला. आक्का माझ्याशी बोलली, पण थोडंच. "बापू, तू गप बसायचं. पाढा तू घ्यायचा न्हाय, मी घेतो." आमच्याकडं बायकाही अशाच 'घेतो, करतो' बोलतात. मला म्हणाली, "फोनवर म्हणून पाठवतो. रोज एकदा लाव म्हणावं, बस्स."

असे ते ऑडिओ यायला लागले. एकेक पाढा, एकेक रेकॉर्डिंग. आक्काचा आवाज तुम्ही ऐकायला पाहिजे होता. संथ, खालच्या पट्टीतला, कुठं जायची घाई नसलेला. सुरुवातीला म्हणायची, "यशू, लोळत ऐकलीस तरी चालतंय. म्हणलं न्हाईस तरी चालतंय." मग "बे एके..." आणि थांबायची. तेवढ्यात पोरीनं उत्तर म्हणायचं. मग आक्का सावकाश सांगायची, "बे." परत थोडी थांबून पुढची ओळ. यशूनं हात लावू नये म्हणून शीतल माझा फोन हॉलमधल्या फ्रिजवर ठेवायची. साडेसहाला यशू हॉलमध्ये चटईवर पालथी पडून, पाय वर हलवत ऐकायची. मला हॉलमध्ये यायला बंदी! मी स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसायचो.

पहिले आठ दिवस नुसती ऐकत होती. मग पुटपुटायला लागली. दोन महिन्यांत सहापर्यंत आली, आठ-नऊ पण झाले. पोटदुखी गेली. मला आतून आवाज ऐकू यायचा तिचा आणि शेंगा तशाच राहायच्या.

अडलं ते सातला. त्यातही सात आठेला. साहजिकच होतं, पट्टी तिथंच आपटली होती ना मी. यशू तोंड उघडायची, पण तिच्याआधी आक्काचं "छप्पन" येऊन जायचं. मग ती भिंतीकडं तोंड करून पडायची. पुढच्या ओळी नाहीत, पाढा नाही, काही नाही. "आत्या पुढं गेली," एवढंच म्हणायची. चार-पाच दिवस असं झालं आणि परत पोटात दुखायला लागलं. शाळेतली तोंडी परीक्षा पंधरा दिवसांवर होती. मला वाटलं, झालं, मिळवलं तेवढं सगळं गेलं.

मी आक्काला फोन लावला, स्पीकरवर. यशू शेजारीच होती. म्हटलं, "आक्का, हिला अजून येत नाही सात आठे."

"येतंय रं तिला," आक्का म्हणाली. "शाळेत ती फिफ्टी सिक्स म्हणती. कन्नडच्या बाईंसमोर ऐवत्तारु म्हणती. तुझ्यासमोर छप्पन म्हणायचं. तिन्ही येत्यात, त्यातलं कुठलं काढून द्यायचं ते बघायलीय ती. तुला वाटतंय येत न्हाय. तुला मेल्याला एकच भाषा येत हुती, तरी तीन तीन विड्या लावायचास!"

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. इतकी वर्षं सीमाभागात राहून, रोज तीन भाषांत बोलून, पोरगी कुठं थबकते ते मला कळलं नव्हतं.

"यशू," आक्का पुढं म्हणाली, "सातचा मी नवीन म्हणून पाठवतो हं. जास्ती थांबतो." हे बोलणं झालं मंगळवारी.

गुरुवारी सकाळी प्रशांतचा फोन आला. प्रशांत म्हणजे आक्काचा मुलगा, निपाणीतच वकिली करतो. "मामा, आईला पॅरालिसिसचा झटका आलाय."

जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. आम्ही बघायला गेलो तेव्हा ती माझ्याकडं बघत होती, ओठ हलत होते, पण शब्द नाही. समजत सगळं होतं तिला. उभं आयुष्य वर्गात बोलण्यात गेलेल्या बाईला साधं "बापू" म्हणता येईना. मी दवाखान्याच्या बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

सातचा नवीन पाढा काही आला नव्हता. यशूनं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी सांगितलं, "बाळा, आत्या आजारी आहे. जुनाच लाव."

आता इथून पुढचं नीट वाचा.

आक्काला घरी सोडलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. साडेसहा वाजले होते, मी आत. आक्काचा आवाज चालू होता. "सात साते... एकोणपन्नास. सात आठे..." आणि शांत. पंख्याचा आवाज. मी वाट बघतोय, आता "छप्पन" येईल. येईना. मला वाटलं, फोन हँग झाला. उठणार तेवढ्यात यशूचा आवाज आला, हळूच, "छप्पन." आणि लगेच फ्रिजवरून आक्का, "छप्पन. सात नवे..."

योगायोग म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. यशू रोज थोडी कमी अडायची आणि आक्का रोज तेवढीच कमी थांबायची.

मी मापं घेणारा माणूस, मला चैन पडेना. रेकॉर्डिंगची लांबी दोन मिनिटं चाळीस सेकंद, स्क्रीनवर लिहिलेलीच आहे. कंपनीतलं स्टॉपवॉच आणलं. पहिल्या दिवशी भरलं तीन मिनिटं अठ्ठावन्न. फोन बदलला, शीतलच्या फोनवर लावलं. तेच. यशू शाळेत असताना मी एकटा चटईवर पालथा पडून ऐकलं - हसू नका - दोन चाळीस. मी मुद्दाम गप्प राहिलो तरी आक्का थांबली नाही, पुढं गेली. मग यशूला सांगितलं, आज येत असलं तरी मुद्दाम बोलू नको. तेव्हाही दोन चाळीस. नाटक केलेलं चालत नव्हतं. ती खरंच अडली तरच ते थांबायचं. मी फ्रिजजवळ उभा राहून स्क्रीनकडं बघितलं. रेकॉर्डिंगबरोबर पुढं सरकणारी रेघ तेवढ्यापुरती थांबायची, आणि तरी चालू असल्याचीच खूण दिसत असायची.

यशूला भीती वगैरे काही नाही. मी विचारलं, "तुला कळलं का, आत्या थांबते ते?"

"हो की," ती म्हणाली. "सांगितली होती ना आत्या, जास्ती थांबतो म्हणून."

शीतलला सांगितलं तर ती म्हणाली, "चाललंय ते चालू द्या. तुमचं ते घड्याळ आधी कंपनीत नेऊन ठेवा." पण तिचाही चेहरा उतरला होता.

आणि मग प्रशांतचा फोन. असाच, तब्येत सांगायला. बोलता बोलता म्हणाला, "मामा, आईचं एक विचित्र चाललंय. रोज साडेसहाच्या सुमाराला डावा हात वर करती. असा पंजा पुढं करून, वर्गात पोरांना 'थांबा' म्हणायची तसा. कोण मध्ये बोललं तर चिडती. मिनिटभर तसाच धरती, मग मान हलवून खाली घेती."

मी विचारलं, "कधीपासून?"

"घरी आणल्यापासून."

मी त्याला रेकॉर्डिंगचं काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी यशूला साडेसहाला लावूच दिलं नाही. म्हटलं, आज शीतलबरोबर बाजारात जा, आल्यावर लाव. साडेसहाला प्रशांतला विचारलं, "हात?" तो म्हणाला, "आज न्हाय मामा. खिडकीकडं बघत बसलीय." सात वाजले, तरी नाही. सव्वासातला दोघी आल्या. मी स्वयंपाकघरात फोन कानाला लावून उभा. प्रशांत आक्काच्या शेजारी, तिकडं. यशूनं चटई पसरली. शीतलच्या फोनवर पाढा सुरू झाला.

"सात साते... एकोणपन्नास. सात आठे..."

शांत.

"मामा," कानात प्रशांत म्हणाला. "हात वर केला."

मी काही बोललो नाही. हॉलमध्ये यशूचे पाय हवेत थांबलेले दिसत होते. निपाणी इथून पाऊणशे किलोमीटर. किती वेळ गेला कुणास ठाऊक, स्टॉपवॉच खिशातच राहिलं.

"छप्पन," यशू म्हणाली.

"खाली घेतला," प्रशांत म्हणाला. "मान हलवली मामा. हसायलीय ती."

"छप्पन," फ्रिजवरून आक्का म्हणाली. "सात नवे..."

मी प्रशांतला सगळं सांगितलं. तो वकील माणूस, त्यानं उलटतपासणी घेतली माझी. शेवटी म्हणाला, "रविवारी या मामा."

रविवारी आम्ही निपाणीला गेलो. आक्का घराच्या पुढच्या सोप्यात खुर्चीवर बसली होती. प्रशांत सांगत होता, बोलण्याचे व्यायाम शिकवायला बाई येतात, "आई म्हणा, पाणी म्हणा" करतात, पण ही चिडते, त्यांचा हात ढकलते. महिना झाला, एक अक्षर नाही. डॉक्टर म्हणतात, प्रयत्न सोडले तर राहिलंच.

यशू चपला काढून सरळ तिच्यासमोर जमिनीवर बसली. कुणी सांगितलं नव्हतं तिला. म्हणाली, "आत्या, आज मी घेतो हं. म्हणलं न्हाईस तरी चालतंय." हुबेहूब आक्काची बोली! एरवी कॉन्व्हेंटचं मराठी बोलणारी पोरगी.

"सात एके..." यशू म्हणाली आणि थांबली. आक्का नुसती बघत राहिली. बऱ्याच वेळानं यशूनं सांगितलं, "सात." मग "सात दुणे..." परत थांबली. तिचा वेग बघून मला आईच्या विड्याच आठवल्या. सात पंचेपर्यंत असंच चाललं. आक्काचे ओठ हलायचे, विरायचे. माझ्याच्यानं बघवेना. सात आठेला यशू थांबली ती थांबलीच. एक मिनिट झालं असेल, दीड झालं असेल. आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, सांगून टाकावं, कशाला छळता तिला, आणि मी तोंड उघडलं.

यशूनं मान वळवली. "पप्पा, तुम्ही आत जाऊन बसा."

तीन महिने माझ्यासमोर आकडा न बोललेली पोरगी मला आत जा म्हणत होती. मी उठलो. आत गेलो. दाराआड उभा राहिलो.

बाहेर बराच वेळ काहीच नाही. मग एक घोगरा, ओळखू न येणारा आवाज आला. "ऐ..." परत. "ऐवत्... ऐवत्तारु."

आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलेल्या माझ्या बहिणीचं पहिलं उत्तर आलं ते कन्नडमधून.

प्रशांत हमसून रडायला लागला. मीही रडलो, कशाला लपवू? यशू मात्र शांतपणे म्हणाली, "बरोबर, आत्या. सात नवे..."

आता स्पष्टीकरण. आक्का बोलली त्याचं आहे. डॉक्टर म्हणाले, पाढे, गाणी अशा पाठ गोष्टी कधी कधी आधी परत येतात, आणि कुठल्या भाषेतून येतील ते सांगता येत नाही. आता ती तिन्ही भाषांची खिचडी करून बोलते, मोडकंतोडकं, पण बोलते. मला "बापू" म्हणाली त्या दिवशी मी कंपनीत पेढे वाटले.

रेकॉर्डिंगचं मात्र माझ्याकडं काहीही नाही. त्या रविवारनंतर ते कधी थांबलं नाही. कुणीही लावा, दोन चाळीस. कंपनीतल्या आयटीच्या पोराला फाईल दाखवली, तो म्हणाला, साधी ऑडिओ फाईल आहे साहेब, ही थांबेल कशी? मी म्हटलं, तेच तर. आक्काला विचारलं तर ती माझ्याकडं बघते आणि विषय बदलते. मी सगळ्या बाजूंनी मोजून बघितलं, कुठंच बसत नाही. आणि रिजेक्टही करता येत नाही.

तोंडी परीक्षा मधल्या धांदलीतच होऊन गेली. कशी झाली ते सोडा. परवा मी कंपनीतून येऊन बूट काढत होतो. यशू येऊन शेजारी बसली. म्हणाली, "पप्पा, माझा तेराचा घेता काय?"

मी एका पायात बूट तसाच ठेवून घेतला. तेरा सातेला अडली. माझ्याकडं बघत होती. मी काही बोललो नाही. किती वेळ ते मला माहीत नाही, मी मोजलं नाही.

मग म्हणाली, "एक्क्याण्णव."